सलग वाजलेली घंटा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि ती तर मी रात्री दोनदा कूस बदलली तरी काय खुपतंय ते ओळखते. सांगायची वेळ होती तेव्हा तोंड शिवून बसलो, आणि आता पेन्शन सुरू झाल्यावर जीभ सैल सुटली आहे. तेव्हा याला कुणी धीटपणा म्हणू नका. निवृत्त माणसाचं कोण काय वाकडं करणार?

मी अग्निशमन दलात होतो. स्टेशन ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. गिरगावातलं आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कारकुनांचं. सगळे टेबलाशी बसून म्हातारे झालेले. त्यात मी एकटा आगीत शिरणारा निघालो, म्हणून लग्नकार्यात मला अजून पुढच्या रांगेत बसवतात. बसतोही मी. पण दलात माझं नाव होतं ते आगीमुळे नव्हे, अंत्ययात्रांमुळे. हसू नका. एखादा जवान कामावर असताना गेला, तर त्याला मानवंदना कशी द्यायची हे माझ्याइतकं चोख कुणाला येत नसे. दुसऱ्या स्टेशनांतूनही मला बोलावणं यायचं. लोक मागे मला ‘भटजी’ म्हणत. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

ती पद्धत तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. गाडी धुऊन पुसून लख्ख करायची. वरची शिडी उतरवायची आणि त्या जागी पार्थिव ठेवायचं. त्यावर दलाचा झेंडा, झेंड्यावर त्याचं स्वतःचं हेल्मेट — नवीन नाही, जे घालून तो काम करत होता तेच, पोचे आणि काजळीसकट. खांदा देणारे एका उंचीचे निवडायचे. गाडी माणसाच्या चालीनं चालते, सायरन बंद. ती त्याच्या स्टेशनसमोर येऊन थांबते. फाटकाशी सगळे रांगेत उभे असतात आणि आत घंटा वाजते — एक ठोका, तो पुरता विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. एरवी वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की हीच घंटा सलग, घाईनं, कान किटवून वाजते. या दिवशी मात्र ती सावकाश वाजते. मग ऑर्डर सुटते आणि सगळे हात एकदम कपाळाशी जातात. ती ऑर्डर मी द्यायचो.

आणि हे सगळं कुणाला? कामावर गेला त्यालाच. घरी गेला, आजारानं गेला, त्याला पुष्पचक्र आणि साध्या कपड्यांतले चार सहकारी. नियम मी केलेला नव्हता. पण मला तो तोंडपाठ होता, आणि पुढे मी त्याच्याच आड लपलो.

आता साळवेबद्दल सांगायला हवं. बघा, किती वेळ टाळलं मी.

विलास साळवे माझ्या हाताखाली लीडिंग फायरमन होता. परळला चाळीत राहायचा. बापाची गिरणी बंद पडली तेव्हा हा नुकता दलात लागलेला, आणि त्या एका पगारावर सगळं घर उभं राहिलं. अंगानं किरकोळ, पण शिडीवर सरसर चढायचा. रजा मागायचा ती वर्षातून एकदा, तीही अर्ध्या दिवसाची. चौदा एप्रिलला सकाळी आमच्याकडे हुतात्मा जवानांची परेड असते, आणि त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. हा परेडला पहिल्या रांगेत असायचा, आणि ती सुटली रे सुटली की गणवेशातच चाळीकडे पळायचा. मी विचारायचो, कपडे तरी बदल. तर म्हणायचा, “साहेब, आज हेच कपडे बघायचे असतात आमच्या आईला.”

असा माणूस काम टाळायला खोटं सांगेल का? तुम्हीच सांगा. मला तेव्हा हा प्रश्न पडला नाही.

हिंदमाताला साड्यांच्या दुकानाच्या वर, पोटमाळ्यावर माल भरलेला होता. तिथे आग लागली. भर दुपारची वेळ. ज्वाळा फार नव्हत्या, धूर मात्र असा की जिना दिसेना. नायलॉन, पुठ्ठे, प्लॅस्टिकच्या पिशव्या — त्या धुराला चव असते, दोन दिवस घशातून जात नाही. माझ्याकडे माणसं कमी होती. वरिष्ठ साहेब निघालेत असं वायरलेसवर कळलं होतं, रस्त्यावर कॅमेरेवाले जमले होते, आणि साहेब पोचायच्या आत आग आटोक्यात आल्याचं मला सांगायचं होतं. का? कुणी शाबासकी देणार होतं म्हणून? हो. तेवढ्यासाठीच.

साळवे आतून बाहेर आला. मुखवटा वर केला. पंपाचा आवाज चालू होता, आजूबाजूला बाकी कुणी नव्हतं. तो माझ्या कानाशी आला नि म्हणाला, “साहेब, छातीत भरल्यासारखं होतंय. जरा बसू का बाहेर?”

मी म्हणालो, “सगळ्यांच्याच छातीत भरतंय, साळवे. धूर आहे तो, अत्तर नाही.”

तो हसला. खरंच हसला — माझे विनोद त्याला आवडायचे. मुखवटा खाली ओढून पुन्हा जिन्यात शिरला. साहेब आले तेव्हा आग आटोक्यात होती. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

हा झाला पहिला भाग. एवढाच असता तर मी कदाचित कधीतरी कुणाला सांगूनही टाकलं असतं. धांदलीत माणसाच्या तोंडून जातं काहीतरी, असं म्हणता आलं असतं. पण पुढचं धांदलीतलं नाही. ते मी गार डोक्यानं केलं.

साळवे संध्याकाळी घरी गेला आणि पहाटे गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सकाळी वरिष्ठ साहेबांचा मला फोन आला. माणूस चांगला होता तो, मनापासून विचारत होता. म्हणाले, काल कामावर असताना त्यानं काही तक्रार केली होती का? छातीत दुखतंय, दम लागतोय, असं काही? केली असेल तर कामावरचा मृत्यू धरता येईल, पूर्ण मानवंदना देता येईल, मी वर बोलतो.

किती सोपं होतं! ‘हो सर’ म्हणायचं होतं. पण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न कुठला येणार, ते मला दिसत होतं — मग तुम्ही काय केलंत?

मी म्हणालो, “नाही सर. काहीच बोलला नाही.”

साहेब म्हणाले, ठीक आहे, पुष्पचक्राचं बघा. मी फोन ठेवला आणि पुष्पचक्र सांगायला लगेच पुन्हा उचलला.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. तो साळवे होता म्हणून का? त्याच्या जागी आमच्या गिरगावातला, आमच्या नात्यागोत्यातला कुणी असता तर? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे, आणि दर वेळी चटकन ‘छे, छे’ असं उत्तर आलं. पण ते इतकं चटकन येतं की त्याचीच मला भीती वाटते. एवढं नक्की सांगतो — त्याच्या घरून कुणी वर जाऊन प्रश्न विचारणार नाही, हे मला त्या फोनवर बोलताना माहीत होतं.

मग मी चाळीत गेलो. जावंच लागलं. व्हरांड्यात पांढऱ्या साड्या, भन्तेजी आलेले, आत त्रिशरण-पंचशील चाललेलं. सुनंदावहिनी — साळवेची बायको — दाराशी आल्या. रडून झालं होतं त्यांचं. त्यांनी विचारलं, “साहेब, हे नेहमी बोलायचे, आपल्या माणसाला न्यायला गाडी दारात येते. गाडी येणार ना?”

मी म्हणालो, “वहिनी, नियमात बसत नाही. घरी झालं ना...”

“नियम आहे तर राहू द्या,” त्या म्हणाल्या. वाद नाही, आवाज चढवणं नाही. मी जिना उतरणार, तेवढ्यात — चोराच्या मनात चांदणं — मला राहवेना. मी विचारलं, रात्री काही बोलले का, दुखत होतं का?

“नाही ओ. जेवले नाहीत फक्त. पण हसत होते. बोलले, साहेब आज भारी बोलले. धूर आहे तो, अत्तर नाही.” आणि हे सांगताना त्या बाईला एवढंसं हसू आलं.

मी काय केलं असेल? मीही हसलो. त्यांच्यासमोर, त्यांच्या दारात उभा राहून हसलो.

आता घंटेचं. हेच सांगायला बसलो होतो मी, बाकीचं सगळं इथवर येण्यासाठी.

स्टेशनवर मी हुकूम देऊन ठेवला होता — ज्यांची सुट्टी असेल त्यांनी साध्या कपड्यांत जावं, ड्यूटीवरच्यांनी जागा सोडू नये. शववाहिनी आमच्याच रस्त्यानं भोईवाड्याच्या स्मशानाकडे जाणार होती. दुपारी मी खोलीत बसलो होतो. बाहेर बूट वाजले. खिडकीतून पाहिलं तर ड्यूटीवरची सगळी पोरं फाटकाशी जाऊन रांगेत उभी. गणवेश, पट्टे, टोप्या नीट. कुणी सांगितलेलं नव्हतं. घाग म्हणून एक जुना फायरमन होता, साळवेचा दोस्त. तो आत आला.

“साहेब, विलासची गाडी वळली नाक्यावरून. फक्त ऑर्डर द्या. एकदाच सावधान-सलामी. बाकी काही नको आम्हाला.”

मी म्हणालो, “नियमात नाही, घाग.”

“सलामीला कसला नियम, साहेब? वरनं कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.” आणि तो जाऊन रांगेत उभा राहिला.

मी बाहेर आलो. शववाहिनी आली आणि फाटकासमोर थांबली. कुणी थांबवलं ते मला कळलं नाही — पोरं उभी दिसली म्हणून ड्रायव्हरच थांबला असेल. काचेतून वहिनी दिसत होत्या, मांडीवर मुलगी. मुलगी सात-आठ वर्षांची असेल, प्रज्ञा. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. आणि पोरंही, मान न वळवता, माझ्याकडेच. मागे बसचा हॉर्न वाजत होता.

एक ऑर्डर. दोन शब्द. हजार वेळा दिलेले. पण सलामी दिली म्हणजे मी काय म्हणणार होतो? की हा कामावर गेला. आणि मग सकाळी फोनवर काय म्हणालो होतो? कुणी जोडले नसते हे दोन धागे, मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही. सगळे थांबलेत, वहिनी पाहतायत, आणि ऑर्डर दिली नाही तर पोरं स्वतःच हात उचलतील असं दिसत होतं. घागचा हात तर हललाच.

मी मागे फिरलो. वॉचरूममध्ये गेलो — तिथे फोन घेणारा माणूस बसतो — आणि त्याला बाजूला करून घंटेचं बटण दाबलं.

वर्दीची घंटा. सलग.

आगवाला माणूस तो आवाज आला की विचार करत नाही. जेवणावरून उठतो, झोपेतून उठतो. पोरांची रांग एका क्षणात मोडली. धावले सगळे, चढले, इंजिन सुरू, सायरन सुरू. मी हातानं दिशा दाखवली, हिंदमाता. वॉचरूमवाला माझ्या तोंडाकडे बघत राहिला. फोन वाजलाच नव्हता, ते त्याला ठाऊक होतं. गाडी फाटकातून सुसाट बाहेर पडली. शववाहिनीवाल्यानं तिला वाट दिली आणि तो तिच्यामागून निघाला. रस्ता एकच. सायरन वाजवत आमची लाल गाडी पुढे, आणि मागून साळवे. लोक दोन्ही बाजूंना थांबले. कुणी कुणी हातही जोडले. हिंदमाताशी पोचायच्या आत मी वायरलेसवर सांगितलं, वर्दी खोटी आहे, परत या.

घाग परतला तेव्हा त्यानं विचारलं, कॉल कुठला होता? मी म्हणालो, चुकीचा होता. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत तो कामाशिवाय माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

आणि वहिनी? काही दिवसांनी त्या स्टेशनवर आल्या. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आलं सगळं बाहेर. खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं.

त्या म्हणाल्या, “साहेब, नियमात नव्हतं. तरी तुम्ही घंटा वाजवलीत. गाडी पुढे काढलीत. सगळी चाळ बघत होती. सासूबाई बोलल्या, माझ्या विलासचा मान ठेवला.” आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायचं! मी म्हणालो, “कर्तव्यच होतं ते, वहिनी.”

त्यानंतर दर चौदा एप्रिलला, परेड झाली की, त्या मिठाई घेऊन यायच्या. मी खायचो. स्मृतिस्तंभावर साळवेचं नाव नाही, कारण मी ‘नाही सर’ म्हणालो होतो. त्याच स्तंभासमोर ताठ उभा राहून मी परेड करवायचो आणि मग त्याच्या बायकोनं आणलेला पेढा तोंडात टाकायचो. नाव नसल्यामुळे त्या घराचं आणखी काय काय हुकलं — भरपाई, वाढीव पेन्शन — ते मला माहीत आहे. त्या कधी बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात प्रज्ञा माझ्या घरी आली. आगाऊ फोन करून. ती दलात लागली आहे, प्रशिक्षण संपलं, गणवेशातच आली होती. बापासारखीच किरकोळ. माझ्या बायकोनं तिला पोहे दिले, कौतुक केलं. ती म्हणाली, “त्या दिवशी बाबांच्या पुढे गाडी गेली ना सर, तेव्हाच ठरवलं होतं मी.” मग बायको आत गेली आणि पोरीनं बशी खाली ठेवली.

“सर, एक विचारू? प्रशिक्षणात मानवंदना शिकवली आम्हाला. घंटा थांबून थांबून वाजवतात. सायरन बंद असतो.” ती माझ्याकडे सरळ बघत होती. “पण त्या दिवशी तर घंटा सलग वाजली होती. मला आठवतंय. नि सायरन पण होता.”

तिला सांगायचं ते सगळं माझ्या जिभेवर होतं. तुझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं. छातीत भरलंय म्हणाले होते. मी ऐकलं होतं. मी त्यांना परत धुरात पाठवलं आणि सकाळी ‘काहीच बोलले नाहीत’ असं सांगितलं. ती घंटा त्यांच्यासाठी नव्हती, त्यांना मिळणारी सलामी मोडायला होती.

मी म्हणालो, “लहान होतीस तू, बाळ. नीट आठवत नसेल.”

ती म्हणाली, “असेल, सर.” आईनं नमस्कार सांगितलाय म्हणाली. उठली. दाराशी जाऊन वळली, टाचा जुळवल्या आणि मला कडक सलामी दिली.

मीही ताठ झालो, हात कपाळाशी नेला आणि ती घेतली.